वायरलेसकाकांचं एकतिसावं केंद्र

वायरलेसकाकांना काहीही विचारलं तरी ते लगेच उत्तर देत नसत. आधी एक सेकंद थांबत, मग बोलत. "काका, चहा घेणार?" यालासुद्धा एक सेकंद. मला मोजायची सवय आहे, म्हणून मी एकदा भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. खरोखर एक सेकंद निघाला. कधी सव्वा व्हायचा, पण पाऊण कधीच नाही.

या सेकंदानं त्यांच्या मुलाखतीत घात केला असता. आमची कंपनी कर्वेनगरमध्ये एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर होती. माणसं अकरा. मालकांना आम्ही सर म्हणायचो. ते नऊ वर्षं अमेरिकेत काढून परत आले होते आणि त्यांना सगळं भराभर लागायचं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काका थांबले. दुसरा विचारला, काका पुन्हा थांबले. सर माझ्याकडे झुकून इंग्रजीत पुटपुटले, की या गृहस्थांना कमी ऐकू येतं आणि आपल्याला तर नेमका ऐकायलाच माणूस हवाय. काकांनी एक सेकंद जाऊ दिला आणि मराठीत म्हणाले, "ऐकू व्यवस्थित येतं, साहेब. तुमचं आत्ताचंही आलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वायरलेसवर बटण दाबल्या दाबल्या बोलायचं नसतं. सेट जागा व्हायला थोडा वेळ घेतो आणि तेवढ्यात पहिला शब्द खाल्ला जातो. "'नका पाठवू गाडी' म्हणालात, तर पलीकडे 'पाठवू गाडी' पोचतं. तेवढं टाळायला एक सेकंद म्हणजे फार नाही." सरकारी वायरलेस खोलीत तेहेतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. सर हसले आणि काका आमच्याकडे लागले. करार सहा-सहा महिन्यांचा.

वायरलेसकाका हे नाव त्यांना आमच्याच पोरांनी दिलं. तेव्हा मोबाईल नुकते हातोहाती आले होते, हिंजवडीकडे बसगाड्या भरून जात होत्या, आणि तार नसलेलं इंटरनेट ही नवलाई होती. रिसेप्शनवर नवी मुलगी आली होती. खालच्या मजल्यावरचे घरमालक इंटरनेट चालत नाही म्हणून तक्रार घेऊन आले, तर तिनं त्यांना सरळ काकांच्या टेबलाशी नेऊन बसवलं, कारण तिला वायरलेसचं सगळं काकाच बघतात असं सांगितलं होतं. काकांनी त्यांचं सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं, एक सेकंद थांबले आणि म्हणाले, "माझं वायरलेस तुमच्या वायरलेसपेक्षा पन्नास वर्षांनी मोठं आहे. ते लहान मुलांच्या भांडणात पडत नाही."

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर काका कळायचे नाहीत. पुण्याच्या पश्चिमेला, घाटातल्या एका खोऱ्यात एका खात्याची एकतीस केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर एक माणूस आणि एक जुना वायरलेस सेट. त्या माणसानं दिवसातून तीनदा नदीची पातळी आणि पाऊस सांगायचा. प्रत्येक केंद्राची फ्रिक्वेन्सी वेगळी, आणि पुण्यातल्या नियंत्रण कक्षात ऐकणारा ऑपरेटर एकच. तो नॉब फिरवत एकेकाचं ऐकायचा. एकाचं ऐकताना दुसरा बोलला, तर दुसऱ्याचं गेलं. आमचं यंत्र एकाच अँटेनावर सोळाशे किलोहर्ट्झचा सगळा पट्टा एकदम घ्यायचं. पुढचं सगळं सॉफ्टवेअरमध्ये. त्या पट्ट्याचे पंचवीस-पंचवीसचे चौसष्ट तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातलं बोलणं वेगळं साठवायचं. चौसष्ट गुणिले पंचवीस, सोळाशे. तुकडे करणारी गाळणी मी लिहिली होती. अठ्ठावीस वर्षांची होते आणि त्या गाळणीचा मला फार अभिमान होता.

पाहुणे आले की मी त्यांना आलेख दाखवत असे आणि त्यांचे डोळे जड होत. मग सर काकांना पुढे करत. काका म्हणत, "मंडईत शिरलात की काय ऐकू येतं? गलका. आम्ही काय करायचो, एका भाजीवाल्यासमोर उभं राहायचं, त्याचंच ऐकायचं, मग दुसऱ्यासमोर जायचं. तोवर पहिल्याची मेथी संपलेली. मॅडमचं मशीन सगळा गलका एकदम उचलतं आणि घरी आणून एकेका भाजीवाल्याला वेगवेगळ्या खोलीत बसवतं. आता कुठल्याही खोलीचं दार उघडा आणि निवांत भाव ऐका." पाहुणे खूश होत. मला राग यायचा, कारण माझ्या चाळीस मिनिटांच्या भाषणात असलेलं सगळं त्या सहा वाक्यांत आलेलं असे.

ते मला मॅडम म्हणत. मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान होते. "काका, नावानं हाक मारा," असं मी दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "गाळणी तुम्ही लिहिलीय. मी नुसता गाळलेलं पितो." यात थट्टा किती आणि मान किती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

ते विश्रांतवाडीला राहत. सकाळी सहा चाळीसला निघून दोन बस बदलून सव्वाआठला कर्वेनगरात पोचत. कंपनी उघडायची नऊला. मधला पाऊण तास ते पायरीवर बसून पेपर वाचत. फोन आला की "जय भीम" म्हणत आणि मग आपला तो सेकंद थांबत. त्यांचे वडील एका कारखान्यात हमाल होते. छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी. काका मॅट्रिक होऊन वायरलेस खात्यात लागले, ते कसं, हे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता सांगितलं होतं. पहिली पोस्टिंग एका तालुक्याच्या गावी. तिथं खोली मिळेना. आडनाव सांगितलं की घरमालकांना अचानक पाहुणे आठवत. "पण कक्षात जाऊन हेडफोन लावला की संपलं. वायरलेसवर जात विचारत नाहीत, कॉलसाइन विचारतात, सेटला दिलेलं नाव. दिवसाचे आठ तास मी नुसता कॉलसाइन असायचो. आठाच्या जागी बारा तासांची ड्यूटी दिली तरी मी कुरकुर केली नाही." एवढं बोलून त्यांनी मला शेंगदाण्याची चटणी वाढली आणि विषय बदलला.

ऐकण्याच्या कामातही त्यांची एक रीत होती. आम्ही इंजिनिअर लोक आधी स्क्रीनवर आलेख बघायचो आणि आलेख चांगला दिसला की आवाज चांगला आहे असं धरून चालायचो. काका स्क्रीनकडे पाठ करून बसत. स्वतःचे जुने, काळे, जड हेडफोन ते घरून पिशवीत घालून आणत. डोळे मिटून ऐकत आणि शाळेच्या दोनरेघी वहीत लिहीत. कोण बोलला, किती वेळ बोलला, मागे काय ऐकू आलं. "बारा नंबर, बकऱ्या." "नऊ नंबर, खोकला वाढलाय." एकदा मी म्हटलं, "काका, खोकला आपल्या चाचणीत येत नाही." ते म्हणाले, "खोकला कळला म्हणजे आवाज स्वच्छ आला. तुमच्या आकड्यांत लिहायचं तर तुम्ही काहीतरी डेसिबल लिहा, मी खोकला लिहितो."

मोजण्यावरून ते मला चिडवत. "मॅडम, आपल्या जिन्याला पायऱ्या किती हो?"

"एकवीस," मी तत्काळ सांगितलं.

एक सेकंद. "बावीस. पहिली फुटलेली आहे ती तुम्ही ओलांडता. ओलांडता म्हणून मोजत नाही."

मी संध्याकाळी उतरताना पुन्हा मोजल्या. बावीस होत्या.

यंत्र नियंत्रण कक्षात बसवलं ते पावसाळ्याला महिना-सव्वा महिना असताना. पंधरा दिवसांची चाचणी. जुना ऑपरेटर नुकताच निवृत्त झाला होता. खात्यानं आम्हाला टंकलेली यादी दिली होती, एकतीस केंद्रं आणि त्यांच्या एकतीस फ्रिक्वेन्सी, आणि मी त्या यादीवरूनच सगळं बेतलं होतं. काका रोज त्या कक्षात जाऊन बसत. करारात लिहिलं होतं, की किमान पंचाण्णव टक्के केंद्रं स्पष्ट ऐकू आली पाहिजेत. चाचणीच्या तक्त्यावर प्रत्येक केंद्रापुढे एक चौकोन होता आणि खाली ऐकणाऱ्याची सही.

पंधराव्या दिवशी सर, खात्याचे उपअभियंता आणि मी तिथं जमलो. तक्त्यावर तीस बरोबरच्या खुणा होत्या. एकतीस नंबरपुढे, म्हणजे खोऱ्याच्या अगदी टोकाच्या केंद्रापुढे, काकांनी लिहिलं होतं, "ऐकू आला नाही." आणि सहीची जागा कोरी.

"अहो, ते केंद्र बंदच असेल," उपअभियंता म्हणाले. "टोकाचं आहे ते. तिकडं आता राहतंय कोण?"

"बंद असेल तर तसं लिहून द्या, साहेब," काका म्हणाले. "मी खोडून टाकतो. मग केंद्रं तीसच."

उपअभियंत्यांना तसं लिहून द्यायचं नव्हतं. बंद केंद्राची कागदपत्रं वेगळी असतात आणि ती बराच प्रवास करतात.

सर माझ्याकडे वळले. "एकतीसपैकी तीस म्हणजे किती?"

"शहाण्णव पूर्णांक सत्त्याहत्तर टक्के," मी म्हणाले.

"आणि हवेत किती?"

"पंचाण्णव."

"झालं तर मग. काका, सही करा."

काका थांबले. या वेळी मला वाटतं दोन सेकंद झाले. "मॅडमचा आकडा बरोबर आहे. तीस ऐकू आले, हे मी लिहिलंय. पण खाली छापलंय, 'यंत्रणा समाधानकारक.' नदी वरून खाली येते, साहेब. पाणी आधी एकतीसला कळतं, मग बाकीच्यांना. जो सगळ्यात आधी ओरडणार तोच ऐकू येत नसेल, तर उरलेले तीस कशाचं समाधान करणार?"

सर वाईट माणूस नव्हते. पण त्या तक्त्यावर कंपनीचं पुढचं वर्ष अवलंबून होतं, आणि आम्हा अकरा जणांचंही. ते मला म्हणाले, "यंत्रणा तुझी आहे. आकडा तुझा आहे. तू सही कर." मी केली. अट पंचाण्णवची होती, भरले शहाण्णवच्या वर. यात खोटं काय होतं? त्या वेळी मला खरोखरच काही सापडलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हेडफोनची वायर गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवली आणि सरांकडे तीन दिवसांची रजा मागितली.

चौथ्या दिवशी सव्वाआठला ते पायरीवर नव्हते. नऊला आले, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. सरळ माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, एकतीस नंबर चालू आहे."

ते एसटीनं गेले होते, तिथून जीपनं आणि शेवटचे सहा किलोमीटर चालत. नदीकाठी एक खोली, खोलीत सेट आणि सेटशी एक माणूस, पन्नाशीतला. त्याच्या सेटचं बोलणं जात होतं, पण ऐकायची बाजू दोन वर्षांपूर्वीच मेली होती. पुण्याकडून काही उत्तर आलं तरी त्याला कळायचं नाही. तरी तो रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाणी मोजायचा आणि सेटवर सांगायचा. काकांनी आपला जुना हातातला रिसीव्हर सोबत नेला होता. त्याच्या अंगणात बसून त्यांनी तो लावला. यादीतल्या फ्रिक्वेन्सीवर काहीच नाही. मग नॉब हळूहळू फिरवला. यादीतल्या आकड्यापेक्षा बारा किलोहर्ट्झ वर तो माणूस स्वच्छ ऐकू आला. कधीतरी सेट बिघडला होता, तेव्हा कुणीतरी फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल मिळेल तो बसवून दिला होता. तेव्हापासून तो आपल्या जागेवरून सरकलेला.

"मग इतकी वर्षं त्याचं ऐकू कसं येत होतं?" मी विचारलं.

"नॉब होता ना! आमच्या सगळ्या खोल्यांत हेच. प्रत्येक सेट थोडाफार सरकलेला असतो. कुणासाठी डावीकडे केसभर, कुणासाठी उजवीकडे दोन केस. ऑपरेटरच्या बोटांना पाठ असतं. ते कागदावर कोण लिहितो? यादीत कारखान्यातून आली ती फ्रिक्वेन्सी. तुम्ही यादीवरून मशीन केलंत, मॅडम. बोटांना कुणी विचारलंच नाही. मीही नाही विचारलं. मला सुचायला हवं होतं, तेहेतीस वर्षं तोच नॉब फिरवलाय."

मी कागद ओढला. माझे तुकडे पंचवीसचे, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे साडेबारा. गाळणी कडेला खाली उतरत जायची, म्हणजे शेजारचा आवाज मिसळू नये. बारावर उभा असलेला माणूस बरोबर दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडत होता. अलीकडची गाळणी त्याला पलीकडचा समजून कापत होती, पलीकडची अलीकडचा समजून.

"म्हणजे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत उभा आहे तो," काका म्हणाले. "बोलतोय. रोज तीन वेळा. मशीन बसवून आज अठरा दिवस पुरे झाले. पुढचं तुम्ही करा, गुणाकार तुमचा चांगला आहे."

चौपन्न.

चाचणीच्या काळात आम्ही अधूनमधून पूर्ण पट्टा न तोडता, जसाच्या तसा साठवून ठेवला होता. मी त्यातला सकाळच्या वेळेचा एक भाग काढला, मध्यबिंदू बारा किलोहर्ट्झ वर सरकवला आणि हेडफोन लावले. आधी नुसती खरखर होती. मग एक माणूस, अगदी माझ्या कानाशी बसल्यासारखा. "एकतीस बोलतोय. पानी दोन मीटर चाळीस. पाऊस न्हाई." थोडा थांबला. मग म्हणाला, "ऐकू येत आसंल तर बरं हाय."

मी ते तीनदा ऐकलं. मग काकांना हेडफोन दिले. ते म्हणाले, "मला नको. मी समोर बसून ऐकलंय."

सरांच्या खोलीत मी गेले ती माझी सही मागे घ्यायला. सर चिडले, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं चिडणं समजण्यासारखं होतं. "काकांनी तिथंच तो सेट का नाही नीट करून दिला?" असं त्यांनी विचारलं. काका दारात उभे होते. सरकारी सेटला परक्यानं हात लावायचा नसतो, योग्य क्रिस्टल मागवला तर यायला दोन-तीन महिने, आणि पाऊस आठवड्यांवर आलेला, हे त्यांनी सांगितलं. "आणि साहेब, हा एक सापडला. उरलेल्या तिसांतले सेटही म्हातारेच आहेत. आज नाही तर उद्या त्यातला कुणीतरी सरकणारच. तेव्हा मी बघायला नसेन."

उपाय कागदावर सोपा होता. चौसष्ट खोल्यांची आणखी एक रांग करायची, अर्धी खोली सरकवून, म्हणजे पहिल्या रांगेची भिंत दुसऱ्या रांगेत खोलीच्या मध्यावर येईल. कुणी कितीही सरकला तरी कुठल्या तरी खोलीत तो असणारच. अडचण आकड्याची होती. आमचा संगणक एका रांगेलाच अठ्ठावन्न टक्के दमत होता. दोन रांगा म्हणजे एकशे सोळा. इतकं काम कुठलंच यंत्र करत नाही, माणसं करतात.

दोन दिवस मी त्या एकशे सोळाशी झटले. तिसऱ्या दिवशी काकांनी आपली दोनरेघी वही माझ्यासमोर ठेवली. "यात बघा. पंधरा दिवसांत एका वेळी जास्तीत जास्त किती जण बोलले?" मी पानं उलटली. बकऱ्या, खोकला, कुणाच्या तरी घरचा पाळणा, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ, सेकंदासकट. तास दीड तास लागला मोजायला. सात. एका वेळी सातपेक्षा जास्त माणसं कधीच बोलली नव्हती. यंत्राची खरी दमणूक तुकडे करण्यात नव्हतीच, ती प्रत्येक तुकड्यातून बोलणं काढण्यात होती, आणि आम्ही रिकाम्या खोल्यांतूनही इमानेइतबारे शांतता काढत होतो. जिथं कुणी बोलतोय तेवढ्याच खोलीला कान द्यायचा असं ठरवलं, तर दोन रांगा धरूनही भार त्रेचाळीस टक्क्यांवर येत होता.

लिहायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही कक्षात बसलो होतो, काका नेहमीप्रमाणे स्क्रीनकडे पाठ करून. सात वाजून चार मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि हेडफोनचा एक कान माझ्याकडे वळवला. एकतीस नंबर पाणी सांगत होता. काकांनी वहीत वेळ लिहिली. तक्ता ओढला, एकतीसच्या चौकोनात खूण केली आणि खाली सही. सही करताना मात्र ते थांबले नाहीत.

त्या महिनाअखेरीस काकांचा करार संपत होता. तो वाढवला नाही. उशीर झाल्यामुळे खात्यानं नाराजीचं पत्र दिलं होतं, आणि आता ऐकायचं काम यंत्रच करतं, असं सर म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हे ठरलं तेव्हा मी सरांच्या खोलीत होते. सहीच्या वेळी मी चूक केली होती, या वेळी काहीच बोलले नाही. या दोहोंतलं जास्त वाईट कोणतं, हे मी पुष्कळदा ताडून पाहिलं आहे.

जायच्या दिवशी मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "काका, हे बरोबर झालं नाही."

"मशीन चांगलं झालं म्हणून माणूस लागत नाही. बरोबरच आहे की," ते म्हणाले. "आणि मॅडम, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपली सही मागे घेताना बघायला मिळालं. सरकारी नोकरीत ते दिसत नाही." बस आली. त्यांनी चढताना पिशवी आधी आत ठेवली, मग स्वतः चढले, आणि खिडकीशी जागा मिळाल्यावर हात हलवला.

पुढं मी दोन नोकऱ्या बदलल्या. माझी गाळणी आता कुठंच वापरात नसेल, चांगल्या निघाल्या आहेत. पण माझ्या हाताखालची मुलं अठ्ठ्याण्णव टक्के, नव्याण्णव टक्के असे अहवाल घेऊन येतात, तेव्हा मी एकच विचारते. उरलेले कोण, नावानिशी सांगा. मुलं वैतागतात. मागून मला काही नावही ठेवलेलं असेल. काकांना मी वर्षातून एकदोनदा फोन करायचे. "जय भीम," मग सेकंद, मग "बोला मॅडम, आज काय मोजलंत?"

मागल्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विश्रांतवाडीच्या विहारात होता. पांढऱ्या कपड्यांतली दीडेकशे माणसं असतील. जुने खात्यातले लोक होते, शेजारी होते. विहाराचा लाउडस्पीकर इतकी वर्षं काकाच सांभाळत, त्यामुळे त्या दिवशी तो दोनदा बंद पडला आणि कुणाला तो नीट करता येईना.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्याला टोपी, कपडे प्रवासानं चुरगळलेले. मुलानं वडिलांच्या मोबाईलमधल्या झाडून सगळ्या नंबरांना कळवलं होतं, म्हणून ते आले होते. पहाटे निघून दोन गाड्या बदलून. त्यांनी केंद्राचा नंबर सांगायच्या आधीच मी आवाज ओळखला होता.

"तुमी कुटल्या?" त्यांनी विचारलं.

"मी काकांबरोबर कामाला होते. तुमचं बोलणं यायचं त्या मशीनवर."

"आसं व्हय!" ते माझ्याकडे पुरते वळून बसले. "माजा सेट एका अंगानं भैरा झालता बघा. मी आपला बोलायचो, पलीकडं कोन हाय का न्हाई देवाला ठावं. दोन वर्सं काडली तशी. मग एक दिस ह्ये आले चालत. आंगनात बसले, च्या घेतला. मी म्हनलं, साहेब, खरं सांगा, पुन्याला माजं ऐकू येतंय का? न्हाईतर म्या हे सोडून देतो, रानात काम हाय. तर जरा थांबले आन म्हनले, शब्दन् शब्द येतोय. एक दिस चुकवू नका."

जो माणूस एका चौकोनात खोटी खूण करायला तयार झाला नव्हता, त्यानं त्या अंगणात बसून हे सांगितलं होतं. मग दोन गाड्या बदलून, धुळीच्या चपलांनी तो माझ्या टेबलाशी आला होता. हे त्यानं मला कधीच कळू दिलं नाही.

"त्या पावसात पानी चढलं तवा रातभर बोलत हुतो मी," म्हातारबाबा म्हणाले. "खालची दोन गावं हलवली म्हनं येळेत. आता तुमीच सांगा ताई, तुमी तितं हुता. सगळं येत हुतं ना माजं? पयल्यापासनं?"

समोर लाउडस्पीकर तिसऱ्यांदा खरखरला आणि बंद पडला. माझा आकडा तोंडाशी आला होता, चौपन्न. आयुष्यात मी कुणाला जाणूनबुजून चुकीचा आकडा दिलेला नाही.

"हो बाबा," मी म्हणाले. "पहिल्यापासून. शब्दन् शब्द."